नारळाला पटलेली जागा

भिमाजी पाणाड्याच्या हातातलं पाणी गेलं, अशी आवई आमच्या खडकवस्तीत उठली आणि चहाच्या हॉटेलापासून दळणाच्या गिरणीपर्यंत जाता जाता तिने चांगलं बाळसं धरलं. हॉटेलातून निघाली तेव्हा ती एवढीच होती, की आबांच्या तळहातावर आता नारळ उभा राहत नाही. "ठेवला की रवंथ करणाऱ्या म्हशीवानी पडून राहतो," असं कोणीतरी म्हणालं. गिरणीवर कुसाबाईने त्यात कारण घातलं. कुसाबाई बोलण्याआधी इकडंतिकडं बघते, मग आवाज खाली आणते, पण इतकाच, की चालू गिरणीतही तो सगळ्यांना ऐकू जावा. "आवसेला त्याच नारळाची चटणी वाटली भिमाजीच्या बायकोनं, रंगूबाईनं. पाव्हणे आले व्हते, घरात खोबरं नव्हतं. मग काय, देव काय आंधळा हाय का?" सिन्नरच्या जीपमध्ये चटणी मागे पडली आणि आबांचा हात थरथरायला लागला. चांदवडला आबांच्या व्याह्यांकडे बातमी पोचली तोवर त्यांची उजवी बाजूच गेली होती. व्याही बिचारे पिशवीभर संत्री घेऊन भेटायला आले. आबांनी त्याच उजव्या हाताने ती सोलून त्यांच्यासमोर खाल्ली.

तर हाताला काहीही झालं नव्हतं. नारळही देव्हाऱ्यात शेंडीसकट जागच्या जागी होता. आबांनी जागा दाखवणं आपणहून बंद केलं होतं, आणि का केलं ते कोणाला सांगितलं नव्हतं. पाणाड्याने कारणं देत बसू नये, असं त्यांचं मत होतं. कारणं दिली की लोक प्रश्न विचारतात.

जमिनीखाली पाणी कुठं आहे ते जो दाखवतो तो पाणाडी. कोणी त्यासाठी कडुलिंबाचं बेचकं धरतं, आबांचा नारळ. तो आडवा तळहातावर ठेवायचा, शेंडी पुढं, आणि रानातून अनवाणी चालायचं. खाली पाणी असलं की नारळ शेंडी वर करून उभा राहतो. आता तो आपसूक उभा राहतो की आबांच्या बोटांना काही ठाऊक असतं, यावर गावात दोन पक्ष होते, आणि बोअर घ्यायची वेळ आली की दोन्ही पक्ष आबांनाच बोलवत.

त्यांचा थाटही तसा होता. चालायला लागण्यापूर्वी टोपी काढून घडी घालून खिशात. मागून येणाऱ्याने बोलायचं नाही, खोकायचं नाही, फोन आला तर बांधावर जायचं. नारळ उभा राहिला की आबा घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "हितं हाय." बस. किती फुटांवर लागेल, आबा? "हितं हाय." पाणी गोड लागेल ना? तोवर आबांनी टोपी घातलेली असायची. पाणी लागलं तर ते आबांचं, नाही लागलं तर यंत्रवाल्याने भोक वाकडं पाडलं. गावातल्या निम्म्या बोअरी त्यांनीच दाखवलेल्या, त्यामुळे बोलताना ते सरळ म्हणायचे, "हिरामणकडं माझं पाणी चांगलं टिकलं औंदा," किंवा, "वरच्या आळीत माझं पाणी जरा मचूळ हाय." रंगूबाई म्हणायच्या, "सगळ्या गावात यांचं पाणी, न् घरात पिंपाला झाकण नाय."

मग केरूनानांची बोअर झाली.

केरूनाना म्हणजे नारळावर डोळे मिटून विश्वास असलेला माणूस. त्यांच्या रानाला लागून आबांच्या धाकट्या बहिणीचं, झुंबरबाईचं रान. झुंबरबाई गावातच दिलेली. नारळ उभा राहिला तो नेमका दोन रानांच्या बांधापाशी. यंत्र लागलं आणि पाण्याचा फवारा पार यंत्राच्या वर गेला. केरूनानांनी गुलाल उधळला, आबांना खांद्यावर घेतलं. झुंबरबाईने भावाला ओवाळलं सुद्धा. आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या सासऱ्याने खोदलेली, कधी वैशाखात तळ न दाखवलेली विहीर अशी खाली गेली, की मोटर नुसती फुरफुरायला लागली.

झुंबरबाई भांडली नाही. भांडली असती तर आबांना बरं वाटलं असतं, भांडणात त्यांचा हात धरणारा गावात नव्हता. ती फक्त प्यायच्या पाण्याला गावविहिरीवर जायला लागली, आणि वाटेत भावाचं दार लागायचं. डोक्यावर रिकामा हंडा, चेहरा हसरा.

"येते रे दादा. माझं पाणी तू वाटून टाकलंस, आता गावाचं भरते."

रोज. रोज त्याच आवाजात, जसं कोणी रामराम म्हणावं.

"वन्सं, असं का बोलता ओ?" रंगूबाईंनी एकदा विचारलं.

"मग कसं बोलू, वहिनी? सगळ्या गावात पाणी त्याचंच हाय ना. त्योच सांगतो."

आबा त्या वेळी दात घासत होते. चूळ भरायला घेतलेलं तांब्यातलं पाणी त्यांनी तोंडातच बराच वेळ धरून ठेवलं. त्यानंतर संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते रानांकडे बघत बसायला लागले. कुठं कुठं बोअरीचे पाइप वर आलेले दिसत. या बोअरीसाठी ती आटली, तिच्यासाठी ती पलीकडची. आपण पाणी शोधून देतोय असं त्यांना जन्मभर वाटत होतं. हे तर एकाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढणं झालं, आणि वाढपी म्हणून आपण खांद्यावर मिरवून घेतलं. आबांनी नारळ देव्हाऱ्यात ठेवला तो तेव्हा.

त्याच सुमारास सिन्नरहून पल्लवीताई यायला लागली. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेतली मुलगी. स्कूटीवरून यायची, शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरायची आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर लोकांचे मोबाइल ठेवून घ्यायची. त्यामुळे सभेत कोणाला मोबाइल बघता यायचा नाही, हा तिचा पहिला विजय.

"खाली नदी वगैरे काही वाहत नाही, बरं का," ती म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य 'बरं का'वर येऊन टेकतं. "खडकाला भेगा आहेत, त्यात पावसाचं पाणी मुरतं, तेवढंच आपलं. मुरतं ते चमच्यानं, आपण काढतो ते बादलीनं. खोलवरचं पाणी तर तुमच्या पणज्यांच्या काळात पडलेलं असेल, बरं का."

"मग आमच्या पणतवांनी काय प्यायचं?" हिरामण म्हणाला.

"तेच विचारायला आले मी."

खूप चर्चा झाली आणि गावाने ठरवलं, की गावविहिरीच्या जवळपास नवी बोअर घ्यायची नाही. शेततळी पावसाच्या पाण्याने भरायची, बोअरीच्या नाही. दिवाळीनंतर विहिरींतलं पाणी मोजायचं आणि उन्हाळ कांदा किती लावायचा ते बघून ठरवायचं. ओढ्याच्या कडेने खड्डे घेऊन, त्यात दगडगोटे भरून पाणी मुरवायचं. सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला पाणी लागत नाही. पल्लवीताईने खड्ड्यांच्या जागांवर चुन्याच्या फुल्या मारल्या, एका अवकाळी सरीने त्या पुसट झाल्या, आणि लोक आपापल्या मोटरी चालू करायला गेले.

गेल्या वर्षी होळी झाली आणि केरूनानांच्या महेशने ठरवलं, की ओढ्याकाठच्या तुकड्यात बोअर घ्यायची. त्याने डाळिंब लावलं होतं, शेततळं खोदून प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, आणि ते भरायला बांधावरच्या बोअरीचं पाणी पुरेना. ओढ्याकाठचा तो तुकडा गावविहिरीच्या ऐन डोक्यावर. तिथं पाणी लागलं तर गावविहीर जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि गावविहिरीवर अर्धं गाव प्यायचं. सरपंच समजावून आले. महेश म्हणाला, "माझं रान हाय, सरपंच. मी काय तुमच्या अंगणात भोक पाडतोय का?"

एकच अडचण होती. केरूनाना म्हणाले, "आपल्या घरात नारळाबिगर बोअर झालेली नाय. भिमाजीनं जागा दाखवली तरच यंत्र रानात शिरंल." आणि जागा दाखवली, हळदीकुंकू वाहिलं, की त्या दिवशी त्या जागी जमीन उघडायचीच, मागं फिरायचं नाही, हाही त्यांच्या घरचा रिवाज.

म्हणून महेश आबांकडे आला. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो."

तो गेल्यावर रंगूबाई ताट आपटत म्हणाल्या, "नाय म्हणायला जीभ झडली व्हती का?"

"नाय म्हणलं तर मनमाडचा बेचकेवाला आणंल त्यो. त्याला काय, गावविहीर कोणती न् डबकं कोणतं."

"मंग तुम्ही जाऊन काय करणार?"

तेवढ्यात दारात झुंबरबाई दिसली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आज तिने नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. हंडा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतला.

"गावाचं पण का रे, दादा?"

एवढंच विचारून ती निघून गेली. आबांनी जेवण अर्धं ठेवलं, आणि आबा जेवण अर्धं ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राची गाडी आली. यंत्रावरचा मुख्य माणूस तमिळनाडूचा, घाईतला. खाली उतरला तो हात पुढं करूनच. "पॉइंट किदर? पॉइंट बोलो, हम मारता." त्याला चहा देऊन बसवलं. ओढ्याकाठी निम्मं गाव जमलं होतं. झुंबरबाई बायकांच्या मागे उभी होती.

आबांनी टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. नारळ तळहातावर घेतला. महेश त्यांना गावविहिरीकडच्या कोपऱ्याकडे वळवत होता, नवरदेवाला करवली वळवते तसा. तिथं नारळ ढिम्म. आबा उलटे फिरले आणि ओढ्याच्या वरच्या अंगाने चालायला लागले. मागून सगळी वरात. बाभळी संपतात तिथं ओढा वळण घेतो, त्या वळणावर गोट्यागोट्यांची पडीक जागा आहे, तिथं येऊन नारळ हलला, डुलला आणि शेंडी वर करून उभा राहिला.

केरूनानांनी लगेच हळदीकुंकू वाहिलं. आबांनी घसा खाकरला.

"हितं हाय."

"ओके," यंत्रवाला म्हणाला आणि गाडीकडे वळला.

"थांब," आबा म्हणाले. लोक चमकले, कारण 'हितं हाय'नंतर आबा कधी काही बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. "हितं हाय, पर वर यायचं नाय. खाली जायचं हाय."

"म्हणजे?" महेश म्हणाला.

"म्हणजे बोअर नाय. खड्डा. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी हितून पोटात जाईल, न् गावविहिरीला लागंल. तुझ्या बापाच्या बोअरीलाबी लागंल."

"नारळ असलं कधीपासून सांगायला लागला, आबा?"

"त्याला कोणी इचारलंच नव्हतं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. महेश खाली वाकला. गोट्यांवर पांढरे फराटे दिसत होते. त्याने बोटाने घासून बघितलं.

"आबा, ही तर पल्लवीताईनं चुना मारलेली जागा हाय."

सगळ्यांनी खाली बघितलं. आबांनीही बघितलं, जसं काही पहिल्यांदाच बघतायत.

"मग? नारळालाबी पटली."

आता मात्र सगळेच हसले. महेश हसला नाही. तो उठून आबांच्या समोर उभा राहिला. "खरं सांगा, आबा. नारळ उभा राहिला का उभा केला?"

हे आजवर कोणी तोंडावर विचारलं नव्हतं. दोन्ही पक्ष पुढं सरकले. आबांच्या मनात आलं, की टोपी घालावी आणि घरी जावं, म्हणजे झाकली मूठ राहील. पण मग हळदीकुंकवाला काही अर्थ राहणार नाही आणि उद्या बेचकेवाला येईल. त्यांची नजर बायकांच्या घोळक्याच्या मागे गेली.

"केला," आबा म्हणाले. "ह्या हातानं केला. तुझ्या बांधावर उभा राहिला, तवाबी हात हाच व्हता. त्या वक्ताला झुंबरची विहीर गेली. आता ह्या हातानं गावविहीर घालवायची नाय मला. पाणाडी म्हणा, नायतर लबाड म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

आणि त्यांनी नारळ महेशच्या हातात दिला. महेशला तो कसा धरायचा ते कळेना.

मग केरूनाना पुढं आले. त्यांना विचार करायला वेळ लागतो आणि विचार करताना ते खालचा ओठ ओढत राहतात.

"हात त्योच ना, भिमाजी?"

"त्योच."

"त्या वक्ताला पाणी लागलं व्हतं ना?"

"लागलं व्हतं."

"मग औंदाबी लागंल. वर येऊ दे नायतर खाली जाऊ दे, पाणी ते पाणी." ते पोराकडे वळले. "महेश, हळदीकुंकू वाहून झालंय. खड्डा घे."

"नाना, अहो ते स्वतः सांगताहेत की..."

"मी ऐकलं ते काय सांगत्यात. बहिरा नाय मी." मग ते बायकांकडे बघून म्हणाले, "झुंबरबाई, बांधावरच्या बोअरीचं पाणी आजपास्नं पाळीनं घ्यायचं. एक दिस आमचं, एक दिस तुमचं."

झुंबरबाईने पदर सावरला. "बघू, तुमच्या महेशला चालंल का."

महेश नारळाकडे बघत होता. त्याला चाललं नव्हतं. पण जन्मदात्या बापाने चारचौघांत शब्द टाकला होता, आणि निम्मं गाव त्याच्याकडे बघत होतं. "टिकाव आणा," तो म्हणाला. यंत्रवाल्याला झाला प्रकार हिंदीत समजावून सांगायला तीन माणसं लागली. "गड्डा हमारा काम नहीं, अय्या," म्हणून त्याने आणखी एक चहा घेतला आणि गाडी घेऊन गेला.

महेश पुढं नागपंचमीपर्यंत आबांशी बोलला नाही. मग एका दुपारी ओढा भरून आला आणि त्या खड्ड्यापाशी पाणी गरगर फिरून आत जायला लागलं. महेशने ते उभं राहून बघितलं आणि आबांना फोन केला. "आबा, हे पितंय ओ. नुसतं पितंय. शेततळंपण ओढ्यानंच भरलं." आबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवून रंगूबाईंना तेच वाक्य महेशच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकवलं.

एका खड्ड्याने गाव तरत नाही, हे पल्लवीताईने सगळ्यांना दहादा सांगितलं, बरं का. पण केरूनानांच्या रानात खड्डा झाला म्हटल्यावर बाकीच्या फुल्यांवरही टिकाव पडले. दिवाळीनंतर विहिरींत दोर सोडून पाणी मोजलं आणि या वेळी हात वर करून लोक घरी गेले नाहीत. हिरामणने उन्हाळ कांदा निम्म्यावर आणला आणि बाकीच्या रानात हरभरा पेरला. आठवडाभर तो घरात कोणाशी धड बोलत नव्हता, पण कांदा वाढवला नाही.

आबांचा धंदा तर उलट वाढलाच. पाणी मुरवायच्या जागा दाखवायला त्यांना चांदवडकडूनही बोलावणं येतं. ते पल्लवीताईच्या स्कूटीवर मागे बसून जातात, डोक्यावर टोपीऐवजी हेल्मेट, मांडीवर नारळ. पल्लवीताई उतार बघते, माती बघते, खडक बघते आणि म्हणते, "इथं घेऊ या, बरं का." मग आबा चालतात आणि नारळाला पटतं. एकदा तो सपाट काळ्या खडकावरच उभा राहिला. पल्लवीताई म्हणाली, "इथं थेंबही मुरणार नाही, आबा." आबांनी नारळ पिशवीत घातला. "आज त्याचं डोकं दुखतंय जरा," ते म्हणाले. नारळ उभा केला जातो हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी आबा नारळ विसरून गेले, तर लोक त्यांना तो आणायला परत पाठवतात.

यंदाच्या रंगपंचमीला माझी त्यांच्याशी पैज लागली. मला समजायला लागल्यापासून एकही उन्हाळा टँकरशिवाय गेलेला नव्हता, म्हणून मी म्हणाले, की यंदाही टँकर येणार. आबा म्हणाले, पाऊस पडेपर्यंत येणार नाही. जो हरेल त्याने महेशच्या खड्ड्यातला गाळ काढायचा, दगडगोटे धुऊन परत भरायचे.

अक्षय्य तृतीयेला गावविहिरीच्या पायऱ्या बऱ्याच उघड्या पडल्या होत्या, पण दोर बुडत होता. झुंबरबाईच्या विहिरीतही तळाला पाणी होतं. ती काठावर बसून वाकून बघायची आणि कोणी विचारलं तर "काय नाय, बेडूक हाय का बघते," म्हणायची. वैशाखात एक टँकर खरोखर आला. मी आबांच्या घरापर्यंत धावत गेले. पण तो वाट चुकला होता, त्याला पलीकडच्या गावात जायचं होतं. आबांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि फाट्यापर्यंत चालत जाऊन रस्ता दाखवला. टँकर आला तो आला, असं मी बरंच म्हणून बघितलं. आबा म्हणाले, "तू वकील हो."

आभाळ भरून यायला लागलं तशी मी खड्ड्यात उतरले. गाळ काळा, चिकट आणि वासाचा असतो, हे पैज लावताना कोणी सांगत नाही. आबा बाभळीखाली खुर्ची टाकून बसले होते. दर थोड्या वेळाने ते एक गोटा उचलायचे, उलटासुलटा बघायचे आणि म्हणायचे, "हा नीट धुतला नाय." मी म्हटलं, "आबा, जरा हात लावा की." ते म्हणाले, "हारलं कोण?"

संपत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढल्या साली पुन्हा लावायची का? टँकर येतो का नाय?"

मी फावडं धुतलं आणि नाही म्हणाले.